आठ महिने लर्नर्स डिक्शनरी: अर्थ माहीत होता, शेपूट माहीत नव्हतं

आधीच सांगते, इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीची ही डिक्शनरी मी हौसेने घेतलेली नाही. फजिती झाली म्हणून घेतली.

नाशिकला द्राक्ष निर्यातीच्या एका ऑफिसात मी कागदपत्रं आणि मेल बघते. गेल्या वर्षीच्या मोसमात आमचा एक कंटेनर न्हावा शेवाला अडकला. हॉलंडच्या गिऱ्हाइकाला कळवायचं होतं, म्हणून मी मेल टाकला, "वी आर अफ्रेड टू सेंड द कंटेनर लेट." माझ्या मते मी लिहिलं होतं की कंटेनरला उशीर होईल असं दिसतंय, माफ करा. दहा मिनिटांत तिकडून फोन आला. माणूस काळजीत. पाठवायला घाबरताय कशाला, पैशांचं काही आहे का, आधीचं बिल राहिलंय का? साहेबांनी फोन घेऊन निस्तरलं आणि ठेवल्यावर मला एवढंच म्हणाले, "अहो, एवढी कसली भीती घातली त्यांनी तुम्हाला?"

'अफ्रेड' म्हणजे भ्यालेला, हे मला पाचवीपासून पाठ. (आमच्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीलाच सुरू व्हायचं. पहिलीपासून ते 2000 साली आलं, तोवर आम्ही शाळेतून बाहेर पडलो होतो.) पण 'अफ्रेड'पुढे 'टू' लावून क्रियापद आलं की अर्थ होतो, ते करायला धजत नाही. आणि 'आय ॲम अफ्रेड'पुढे अख्खं वाक्य आलं, "आय ॲम अफ्रेड द कंटेनर विल बी लेट", तर बोलण्यात भीती बहुतेक उरतच नाही, उरतं 'सांगायला वाईट वाटतं, पण'. घरातल्या इंग्रजी-मराठी कोशात हे नाही. तिथे 'भ्यालेला, भयभीत' एवढ्यावर काम संपतं.

गणपती झाल्यावर पुण्याला गेले होते, तेव्हा अप्पा बळवंत चौकात एका नावाजलेल्या ब्रिटिश प्रकाशनाची जाडजूड लर्नर्स डिक्शनरी घेतली. आधीची आवृत्ती होती, त्यामुळे दुकानदाराने भाव कमी केला. आता मे संपत आलाय. म्हणजे अख्खा एक मोसम ती माझ्या टेबलावर होती.

पहिला महिना वाया गेला. मी ती जुन्या सवयीनेच वापरत होते, म्हणजे अडलेला शब्द काढायचा, अर्थ वाचायचा, मिटायची. शब्दानंतर बारीक अक्षरात काहीतरी खुणा असतात, कंसातलं 'दॅट', एक नागमोडी रेघ, 'टू डू समथिंग'. त्यांच्याकडे मी उच्चाराच्या खुणांकडे बघावं तसं बघायचे, म्हणजे बघायचेच नाही. दिवाळीच्या सुट्टीत सहज पुढची पानं चाळली तेव्हा कळलं, डिक्शनरीतला माझ्या कामाचा माल तोच होता. या विशेषणापुढे काय जोडता येतं आणि काय नाही, ते त्या खुणा सांगतात. मग शंभरपानी वही घेतली आणि या जोडणीला मी माझं नाव ठेवलं, शेपूट. कुठल्या विशेषणाला कुठलं शेपूट चालतं, तेवढंच त्या वहीत. अर्थ लिहायचा नाही, असा नियमच केला.

ही युक्ती तशी जुनी आहे. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक 1924 मध्ये जपानला शिकवायला गेले. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश 1942 मध्ये टोकियोत निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो छापला. शब्दाच्या अर्थाबरोबर त्याची वाक्यातली बांधणी द्यायची, हा त्या कोशाचा गाभा. म्हणजे माझ्यासारख्यांची पंचाईत जपानी विद्यार्थ्यांनी आधीच भोगून ठेवलेली आहे. वाचून जरा बरं वाटलं.

वहीचं पहिलं पान 'सॉरी'चं. हा शब्द आपण दिवसातून वीसदा म्हणतो आणि त्याला तीन शेपट्या आहेत. "सॉरी टू ट्रबल यू" म्हणजे त्रास आत्ता देणार आहे, किंवा देतेच आहे. "सॉरी फॉर ट्रबलिंग यू" म्हणजे देऊन झाला. तिसरी, "सॉरी दॅट द पेपर्स वेअर लेट", इथे झालेली गोष्ट पूर्ण वाक्याने सांगायची, आणि बोलताना 'दॅट' बहुतेक गळतं. आपल्याकडे शेजारणीकडे विरजण मागायला गेलं की दारातच "त्रास देते हं जरा" म्हणतो आणि निघताना "त्रास दिला तुम्हाला." तेच की हे! हे जुळल्यावर 'सॉरी' मला पुन्हा बघावं लागलं नाही. मात्र कुणाच्या घरी कुणी वारल्याचं कळलं, तर "सॉरी टू हिअर" हेच. आमच्या ऑफिसातून एकदा "सॉरी फॉर हिअरिंग" गेलंय. ऐकलं हीच चूक झाली, असा त्याचा अर्थ. कुणी पाठवलं ते सांगत नाही.

दुसरं पान 'काइंड'चं. मी कितीतरी मेलमध्ये "इट इज व्हेरी काइंड फॉर यू टू वेट" लिहिलेलं आहे. तिथे 'ऑफ यू' हवं. 'इंपॉर्टंट'ला मात्र 'फॉर यू'. का, ते डिक्शनरी सांगत नाही, नुसते नमुने देते. चार दिवस नमुने समोर ठेवल्यावर किल्ली सापडली. जे विशेषण त्या माणसाच्या स्वभावाला किंवा वागण्याला लागतं, त्याला 'ऑफ'. तुम्ही थांबलात, म्हणजे तुम्ही काइंड. 'सिली', 'रूड', 'जनरस' याच घरातले. 'इट इज इंपॉर्टंट फॉर यू टू साइन' म्हटलं तर महत्त्वाची सही, तुम्ही नव्हे. 'नाइस'ला दोन्ही चालतात आणि तिथे जपून पाय टाकावा. 'नाइस ऑफ यू' म्हणजे तुमचा चांगुलपणा. 'नाइस फॉर यू' म्हणजे मजा आहे बुवा तुमची. सुरात जरा कमीजास्त झालं की टोमणा.

आता 'पॉसिबल'. मराठी माणसाच्या इंग्रजीत हमखास चुकणाऱ्या शब्दांत मी याला पहिला नंबर देईन. "अवर ड्रायव्हर इज पॉसिबल टू कम लेट." आम्ही सगळे असंच लिहायचो. 'लाइकली' घातलं तर हेच वाक्य चोख. पण 'पॉसिबल'ला माणूस कर्ता चालत नाही, "इट इज पॉसिबल दॅट द ड्रायव्हर विल कम लेट" असं 'इट' पुढे करावं लागतं. गंमत म्हणजे 'इंपॉसिबल'ला माणूस चालतो. "ही इज इंपॉसिबल टू प्लीज", याला खूश करणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. उलटा शब्द वेगळा वागतो आणि सुलटा वेगळा. यावर माझ्याकडे उत्तर नाही, फक्त वहीत लाल पेनने चौकट आहे.

आणि ते 'इट'. शाळेत मला ते कायम उपरं वाटायचं. कोण हे 'इट'? वहीत मराठी वाक्यं शेजारी लिहायला लागले तेव्हा उलगडलं. आपण म्हणतो, "तो येणार हे नक्की." हे 'हे' म्हणजेच ते 'इट'. आपण सगळी गोष्ट आधी सांगून घेतो, मग 'हे' म्हणून तिची गाठ मारतो आणि शेवटी विशेषण ठेवतो. इंग्रजी माणूस गाठ आधी मारतो, विशेषण ठेवतो आणि गोष्ट मागाहून ओढत आणतो, "इट इज सर्टन दॅट ही विल कम." इथे 'सर्टन' चालतं, 'श्योर' नाही. आणि "ही इज श्योर टू कम" म्हटलं तर खात्री बोलणाऱ्याची, "ही इज श्योर दॅट ही विल कम" म्हटलं तर खात्री त्या येणाऱ्याची. साहेबांनी एकदा लिहायला सांगितलं होतं की तुमचे पैसे शुक्रवारी येतील याची आम्हाला खात्री आहे. मी लिहिलं, "युवर पेमेंट इज श्योर टू कम ऑन फ्रायडे." व्याकरणाने बरोबर, पण 'आम्हाला' गायब. शुक्रवारी पैसे यायलाच हवेत असा दरडावणीचा वास त्याला आला.

आम्हा निर्यातवाल्यांच्या कामाचा शब्द म्हणजे 'ड्यू'. "द व्हेसल इज ड्यू टू अराइव्ह ऑन संडे" म्हणजे जहाज वेळापत्रकाप्रमाणे रविवारी लागणार. "डिलेड ड्यू टू रेन" म्हणजे पावसामुळे उशीर. 'टू' दोन्हीकडे दिसतो, पण एकाच्या पुढे क्रियापद, दुसऱ्याच्या पुढे नाम. डिस्पॅचचा मुलगा दोन वर्षं पहिल्या प्रकारचं वाक्य 'रविवार आल्यामुळे' असं वाचत होता. 'बाउंड टू' म्हणजे होणारच, 'लाएबल टू' म्हणजे काहीतरी वाईट होण्याचा संभव. 'लाएबल' दिसलं की आम्ही आता आधी साहेबांना हाक मारतो.

पूर्ण किंमत वसूल झाली ती फेब्रुवारीत. गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये वाक्य होतं, "इट इज एसेन्शियल दॅट द टेंपरेचर बी चेक्ड डेली." मला वाटलं, घाईत 'इज' राहिलं आणि 'बी' पडलं. मनात म्हटलं, बघा, गोरेसुद्धा चुकतात. संध्याकाळी डिक्शनरी काढली. चुकलेलं नव्हतं. 'एसेन्शियल', 'इंपॉर्टंट', 'व्हायटल' यांच्यापुढच्या वाक्यात 'असं व्हायला हवं' असा आग्रह असेल, तर क्रियापद मूळ रूपात राहतं. अमेरिकेत हे जास्त चालतं, ब्रिटिश लोक पुष्कळदा 'शुड बी चेक्ड' लिहितात. आणि साधं 'इज चेक्ड'ही दिसतं. म्हणजे तिघेही बरोबर, आणि मी दुरुस्त करून पाठवायला निघाले होते!

आता तक्रारी. कागद इतका पातळ की मागचं पान पुढे दिसतं, आणि चाळिशी लागलेल्यांनी खुणा वाचायला भिंग जवळ ठेवावं. वजन एवढं की पिशवीत घालून घरी नेणं मी दुसऱ्या आठवड्यातच सोडलं. खुणांचा खुलासा पुठ्ठ्याच्या आतल्या पानावर आहे, दर वेळी तिथे जायचा कंटाळा येतो. मी त्याची झेरॉक्स काढून काचेखाली ठेवली.

पण खरी तक्रार वेगळीच आहे. 'ईगर' आणि 'इझी' या दोघांना तीच खूण, 'टू डू समथिंग'. नवख्या माणसाने काय समजायचं? "जॉन इज ईगर टू प्लीज" यात जॉन दुसऱ्यांना खूश करायला धडपडतोय. "जॉन इज इझी टू प्लीज" यात दुसरे जॉनला खूश करताहेत. 1960च्या दशकात नोम चॉम्स्की या अमेरिकन अभ्यासकांनी ही जोडी भाषाशास्त्रात गाजवली, एवढा तिचा पीळ मोठा, आणि डिक्शनरीत दोन्हीकडे तीच खूण. मराठीत हा घोटाळा होत नाही, कारण 'जॉन' आणि 'जॉनला' यातच सगळं उघड होतं. इंग्रजीने 'ला' काढून टाकला आहे, तो आपण मनात लावायचा. 'इझी'च्या घराण्याची आणखी एक खोड, शेवटी 'इट' लावायचं नाही. "दिस बॉक्स इज डिफिकल्ट टू लिफ्ट", बस्स. "लिफ्ट इट" म्हणू नये. आपणही "हे खोकं उचलायला जड आहे" म्हणतो, "त्याला उचलायला" म्हणत नाही. मग इंग्रजीत ते 'इट' कुठून शिरतं, देव जाणे.

आपल्याकडच्या नेहमीच्या चुकांचीही दखल हवी होती. 'बिझी लोडिंग' असा नमुना दिलाय, पण 'बिझी इन लोडिंग' लिहू नका असं कुठे नाही. आपण कामात गुंतलेलो असतो, त्या 'त'चा 'इन' होतो. 'वर्थ टू रीड'चंही तसंच. 'वर्थ रीडिंग' हवं, आपलं 'वाचण्यासारखं'. आणि "आय ॲम नॉट श्योर व्हॉट डज ही वॉन्ट" हे तर मी अजून घाईत लिहिते. 'त्याला काय हवंय' हा आपला तुकडा प्रश्नात आणि साध्या वाक्यात तसाच राहतो. इंग्रजीत विशेषणापुढे आला की त्याने प्रश्नाचा तोरा सोडायचा, "व्हॉट ही वॉन्ट्स".

मोबाईलवर भाषांतर करून का घेत नाही, असं मुलगी विचारते. घेते की. घाईच्या वेळी तेच करते, आणि वाक्य बहुतेक बरोबर येतं. पण फोनवर बोलताना मोबाईल मध्ये धरता येत नाही. मार्चमध्ये त्याच हॉलंडवाल्याशी बोलताना "आय ॲम अफ्रेड वी हॅव अनदर डिले" आपसूक तोंडातून गेलं. तो "ओके" म्हणाला आणि पुढची तारीख विचारली.

तारे द्यायचे तर पाचात साडेतीन देईन, अर्धा त्या 'ईगर-इझी'पायी कापला. घेणार असाल तर दुकानात 'अफ्रेड' काढून बघा. तीन वेगळी शेपटं, प्रत्येकाखाली पूर्ण वाक्याचं उदाहरण असेल तर घ्या. नुसती अर्थांची यादी असेल तर परत ठेवा. आवृत्ती जुनी असली तरी फरक पडत नाही, विशेषणांच्या शेपट्या दर चार वर्षांनी बदलत नाहीत.

माझी प्रत सध्या माझ्याकडे नाही. गेल्या सोमवारपासून ती डिस्पॅचच्या टेबलावर आहे. मागायला गेलं की तो मुलगा मान वर न करता म्हणतो, "थांबा ताई, 'लाएबल' बघतोय."