बार्शी लाइट १:८७ मध्ये: ९ मिमी रुळावरचे दहा महिने

बार्शी लाइट या जुन्या नॅरोगेज रेल्वेच्या छोट्या मॉडेलसाठी (१:८७, म्हणजे प्रत्यक्षाच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं) ऑगस्टमध्ये अंथरलेला रूळ मेअखेरपर्यंत वापरून झाला. पावसाळी दमट हवा, हिवाळा आणि सोलापुरी उन्हाळा असे तिन्ही ऋतू त्याने पाहिले. मांडणी साधी आहे: २४०० × ४५० मिमीचा, १२ मिमी प्लायचा फळा, त्यावर ९१४ मिमी लांबीचे कोड ८० लवचिक रुळाचे सहा तुकडे (कोड म्हणजे रुळाची उंची, हिशोब खाली) आणि चार सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे पॉइंट. विषय कुर्डुवाडीचं यार्ड. वर्तुळ नाही, नुसतं शंटिंग, म्हणजे डबे पुढेमागे करून लावणं. कंपनीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण खाली लिहिलेलं बरंचसं ९ मिमी कोड ८० कुठल्याही कंपनीचा घेतला तरी लागू पडेल.

आधी गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा हिशोब. बार्शी लाइटचा गेज अडीच फूट होता, म्हणजे ७६२ मिमी. ८७ ने भागलं की ८.७६ मिमी येतात. ९ मिमी रूळ म्हणजे प्रत्यक्षातले ७८३. २१ मिमीचा फरक डोळ्याला कळत नाही. हाच रूळ ब्रिटिश १:७६ प्रमाणात वापरला तर ६८४ मिमीच भरतो आणि गाडी अरुंद रुळावर तोल सावरत उभी असल्यासारखी दिसते. त्यामुळे १:७६ ची माणसं आणि बैलगाड्या सहज मिळत असल्या तरी मोह आवरावा. माथेरानवाल्यांनी मात्र हा हिशोब उचलू नये. त्यांचा गेज ६१० मिमी, म्हणजे १:८७ मध्ये ७ मिमी. त्यांना ६.५ मिमीचा झेड गेज रूळ जवळचा.

आता मोठी तक्रार. कोड ८० म्हणजे रुळाची उंची ०.०८० इंच, २.०३ मिमी. ८७ ने गुणा: १७७ मिमी. आज मेन लाइनवर असलेला ६० किलोचा रूळ १७२ मिमी उंच असतो. बार्शी लाइटवर सुरुवातीला गजाला ३० पौंडांचा रूळ होता, जेमतेम तीन इंच उंच. म्हणजे दुप्पट उंचीचा रूळ आपण हौसेने विकत घेतो! उपाय दोन. मागच्या दोन्ही लाइनवर रुळाच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने मॅट रंगवल्या आणि माती स्लीपरच्या माथ्यापर्यंत भरली. दोन फुटांवरून उंची जाणवत नाही. पुढच्या कडेच्या ६०० मिमीत मात्र हे खपत नाही. तिथे कोड ५५ चा सुटा रूळ तांब्याचा मुलामा असलेल्या पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) पट्ट्यांवर डागून घेतला. दर चौथा स्लीपर पीसीबीचा, बाकीचे लाकडी काड्यांचे. प्रत्येक पट्टीवरचा तांब्याचा थर मधोमध कानशीने कापायला विसरू नका, नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट. डागण्याआधी मल्टिमीटर लावून पट्टी तपासलेली बरी. नंतर शोधायला बसलं की तीस पट्ट्यांपैकी नेमकी कुठली, ते सापडत नाही.

एप्रिलमध्ये एका लाइनला पोट आलं. पहिला संशय रूळ तापून वाढल्याचा. पण निकेल सिल्व्हरचा ९१४ मिमी तुकडा २० अंशांच्या फरकाने जेमतेम ०.३ मिमी वाढतो. उरलेला खेळ लाकडाचा: पावसाळ्यात फुगलेला प्लाय उन्हाळ्यात सुकून आकसतो आणि रूळ तेवढा आकसत नाही. ऑगस्टमध्ये अंथरताना जोड टेकवून बसवले की एप्रिलमध्ये ते एकमेकांवर दाबतात. दमट महिन्यात अंथरताना दर जोडाला पूर्ण १ मिमी फट ठेवावी, जॉइनरला (दोन तुकडे जोडणाऱ्या पट्टीला) डाग देऊ नये आणि प्रत्येक तुकड्याला वीज पोचवणारी स्वतंत्र फीडर वायर द्यावी. प्लायच्या कडा आणि खालची बाजू आधीच वार्निश केली असती तर हा प्रकार बराच टळला असता. एमडीएफच्या वाटेला जाऊच नये.

सांध्यांपैकी दोन प्लॅस्टिक फ्रॉगचे (फ्रॉग म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) आणि दोन वीज वाहणाऱ्या धातूच्या फ्रॉगचे घेतले. प्लॅस्टिकवाले स्वस्त पडतात, पण लहान इंजिनाची चाकं त्या मृत तुकड्यावर आली की शंटिंगच्या वेगात गाडी थांबतेच. बोटाने ढकलायची वेळ रोज येते. नवीन घेणाऱ्याने चारही धातूचे घ्यावेत.

खडी दुकानातली घेऊ नका. तिचा दाणा मिलिमीटरभर असतो, म्हणजे प्रत्यक्षात ८७ मिमीचा धोंडा. क्रशरवरची काळ्या दगडाची भुकटी आणून आधी चहाच्या गाळणीतून, मग मैद्याच्या चाळणीतून काढली की चाळणीत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा दाणा उरतो आणि तोच हवा असतो. फक्त एक गोष्ट: दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. कागदात गुंडाळलेलं चुंबक भुकटीवरून चार-पाच वेळा फिरवा, काळी मिशी उगवल्यासारखा थर चिकटेल. तो फेकून द्या. न काढलेली भुकटी मोटरच्या चुंबकापर्यंत पोचते आणि गिअरमध्ये करकर सुरू होते. चिकटवायला एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी, भांडी धुण्याच्या लिक्विडचा एक थेंब. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा, मग ड्रॉपरने मिश्रण. सांध्याच्या हलणाऱ्या भागाजवळ ड्रॉपर नेऊ नये, तिथे ब्रशच.

शेतासाठी काळी माती हीच सगळ्यात सुखद खरेदी, कारण ती फुकट मिळाली. चाळून ओव्हनमध्ये १२० अंशांवर ४० मिनिटं भाजायची, नाहीतर पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते. पातळ चिखल करून ३ मिमी थर दिला की वाळताना ती आपोआप भेगाळते. उन्हाळ्यातलं रान त्या भेगांत जसंच्या तसं उतरतं, रंगाचा हातसुद्धा लावावा लागत नाही. थर ५ मिमीच्या वर गेला तर भेगा मात्र नदीच्या पात्राएवढ्या रुंद होतात.

डब्यांबद्दल. बार्शी लाइट उभारणाऱ्या काल्थ्रॉप या इंजिनिअर साहेबाने मालडबे २५ × ७ फुटांच्या एकाच मापाच्या सांगाड्यावर बांधून घेतले. मॉडेल करणाऱ्याला यापेक्षा मोठी मेहेरबानी नाही: ८७.६ × २४.५ मिमीचा एक सांगाडा थ्रीडी प्रिंट करा, वरची पेटी बदलत जा. पण २४.५ मिमी रुंदीचा डबा ९ मिमी रुळावर डोलतो. वजन २५ ते ३० ग्रॅम, आणि सगळं सांगाड्याच्या खाली बसवायचं. शिशाचा तुकडा पेटीत टाकलात तर सांध्यावर डबा आडवा होतो.

कुर्डुवाडीत तेव्हा दोन गेज शेजारी होते, त्यामुळे एक डोकेदुखी वाढते. ब्रॉडगेज १६७६ मिमी म्हणजे १:८७ मध्ये १९.३ मिमी. बाजारातला एचओ (१:८७ साठीचा नेहमीचा) रूळ १६.५ चा. तो शेजारी टाकला की दोन्हींतला फरकच मरतो, आणि माल एका डब्यातून दुसऱ्यात बदलण्याचं सारं दृश्य त्या फरकावर उभं आहे. म्हणून ब्रॉडगेजची एकच साइडिंग १९.३ मिमीवर हाताने घातली आणि तिच्यावर डबे फक्त उभे केले. चालत नाहीत. चालायची गरजही नाही.

देखाव्यातल्या चुका रुळापेक्षा जास्त बोचतात. आधी साल ठरवा, मग सामान घ्या. मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही २१ मैलांची लाइन सुरू झाली. कुर्डुवाडी स्टेशनला तेव्हा बार्शी रोड म्हणत, तेव्हा पाटीही तशीच हवी. पंढरपूरची शाखा १९०६ ची, लातूर १९११, मिरज १९२७. म्हणजे १९०० च्या देखाव्यात पंढरपूरकडे जाणारा रूळ आणि टाळ-मृदुंगवाले वारकरी डब्यांत बसलेले दाखवले तर ते चूक. १९५४ मध्ये सरकारने लाइन विकत घेतली, त्यानंतरच्या डब्यांवर कंपनीची अक्षरं नकोत. संदर्भासाठी सोलापूरचं जुनं गॅझेटिअर बहुतेकांच्या हाती आधी लागतं. ते १८८४ चं आहे, लाइनच्या तेरा वर्षं आधीचं. बाजार, पिकं, घरं यांसाठी उत्तम, रेल्वेसाठी त्यात बार्शी लाइटचा मागमूस नाही. लाइनच्या वळणांसाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे इंचाला मैल प्रमाणाचे जुने नकाशे बघावेत.

घरं माळवदाची, सपाट मातीच्या छपराची. तयार किटमध्ये मिळणारी उतरती कौलारू घरं कोकणात शोभतील. झाडं लिंब, बाभूळ, चिंच. परदेशी पाकिटातली सूचिपर्णी परत करा. ऊस नको: उजनी धरण १९८० मध्ये झालं, त्याआधी या भागात रब्बी ज्वारीचं राज्य. ज्वारी पुरुषभर उंच, म्हणजे २० ते २२ मिमी, आणि दोन ओळींत ४५ सेंमी, म्हणजे ५ मिमी. स्टॅटिक ग्रासचा (मॉडेलवर उभं चिकटवायच्या कृत्रिम गवताचा) ६ मिमीचा धागा इथे कामाचा नाही, तो गुडघाभर गवत दाखवतो. सुतळी उलगडून कापलेल्या काड्या पातळ फेविकॉलमध्ये बुडवून टोचल्या. १०० × १०० मिमीच्या तुकड्याला साधारण ४०० काड्या आणि दोन संध्याकाळी लागतात. कणसाला टोकावर बारीक रवा, वर फिकट पिवळा रंग. रव्याला डिसेंबरात मुंग्या लागल्या, तेव्हा दुसऱ्या तुकड्याला बारीक वाळू वापरली. ती टिकली आहे.

रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरेसं. घासायचं खडबडीत रबर चरे पाडतं, आणि त्या चऱ्यांत काळी माती बसली की आठवड्याची सफाई रोजची होते. रुळाकडेला कसलेही खांब रोवाल तर आकडे मैलांचे लिहा. किलोमीटर इथे १९५६ च्या मेट्रिक कायद्यानंतरच आले.