कोजागिरीची गच्ची: दहाच्या आधीची गाणी, दहानंतरची गाणी

नवरात्र संपलं की साताऱ्यातल्या आमच्या गोडोलीच्या कॉलनीत दोन गोष्टी सुरू होतात: दुधाची वर्गणी आणि गाण्यांवरून वाद. दुधाचं लवकर मिटतं. जायफळ घालायचं की नुसता वेलदोडा, एवढाच काय तो प्रश्न. गाण्यांचं मात्र दर वर्षी लांबतं, कारण मुलांना नवी गाणी हवी असतात आणि पेटीवर मी बसते. तुमच्याकडेही अशीच गच्ची, हौशी गाणारे आणि पेटी-तबला असेल, तर अलीकडच्या चार हिंदी चित्रपटांची गाणी शेजारी शेजारी ठेवून सांगते. २०२४ मधले ‘लापता लेडीज’ आणि ‘अमर सिंग चमकीला’, २०२५ मधले ‘छावा’ आणि ‘सैयारा’.

आधी घड्याळ बघा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे, आणि चंद्र डोक्यावर येतो तो त्यानंतरच. दुधाचे पेले फिरतात तेव्हा माईक आणि कराओके गुंडाळून झालेलं असतं. उरतो गळा, पेटी आणि हलक्या हाताचा तबला. म्हणून गाणं निवडताना मी आता पहिल्यांदा हेच बघते, की स्पीकर बंद केल्यावर त्यातलं काय उरतं.

मुलांचं पहिलं मत ‘सैयारा’ला. त्यात चूक काहीच नाही. शीर्षकगीत फहीम अब्दुल्लाने गायलंय, चाल त्याची, अर्सलान निझामीची आणि तनिष्क बागचीची, आणि ध्रुवपद पहिल्या ऐकण्यातच तोंडात बसतं. सगळी गच्ची एकदम गाऊ लागते, हे थोडं नाही. पण हे गाणं हौशी गळ्याला फसवतं. सुरुवात खाली आहे, म्हणून गाणारा पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, वर घेतो, आणि ध्रुवपद आलं की आवाज फाटतो. गेल्या कोजागिरीला आमच्याकडे एका मुलाचं असंच झालं, बिचारा अर्ध्यात बसला. पट्टी नेहमी ध्रुवपदावरून ठरवा. मुलींनी श्रेया घोषालने गायलेली आवृत्ती ऐकावी. मोबाईलवर ट्रॅक शोधताना ‘एक था टायगर’मधलं २०१२ चं ‘सैयारा’ही समोर येतं, तेवढं आधी तपासून ठेवा.

या चित्रपटाची बाकी गाणी वेगवेगळ्या संगीतकारांची आहेत. ‘धुन’ मिथूनचं, ‘तुम हो तो’ विशाल मिश्राचं, ‘हमसफर’ सचेत-परंपराचं. एकेक सुटं गाणं घ्यायला बरं, पण ओळीने चार गायली तर सगळी एकाच आकांताची वाटू लागतात. शिवाय त्यांचा अर्धा जीव गिटारमध्ये आणि मागच्या भरगच्च वाद्यमेळात आहे. पेटीवर घेतली की ती उघडी पडतात.

‘छावा’बद्दल लिहिताना मला जरा सांभाळून लिहावं लागतं, कारण आमच्या गच्चीवरून समोर अजिंक्यतारा दिसतो. संभाजी महाराजांच्या मुलाने, शाहू महाराजांनी, १७०८ मध्ये इथेच राज्याभिषेक करून घेतला. त्याच संभाजी महाराजांवरचा चित्रपट, त्याला ए. आर. रहमान यांचं संगीत, म्हणजे अपेक्षा केवढी! ‘आया रे तूफान’मध्ये वैशाली सामंत यांचा आवाज येतो, क्षितिज पटवर्धन यांचे मराठी शब्द येतात, आणि तिथे अंगावर काटा येतो हे खरंच. पण ते गाणं ढोलाचं आणि मोठ्या समूहाचं आहे. दहाच्या आधी, ट्रॅकवर, दहा-बारा मुलांनी मिळून म्हटलं तर गच्ची दणाणते. दहानंतर ते गाऊच नका, पेटीवर ते फार केविलवाणं होतं आणि त्या विषयाला ते शोभत नाही. ‘जाने तू’ उलट हळुवार आहे, अरिजित सिंगने गायलंय, पेटीवर चालतंही. पण ते कुठल्याही प्रेमकथेत चाललं असतं. सतराव्या शतकातल्या रायगडाची माती त्याला लागलेली नाही, आणि ही उणीव मला टोचते.

‘लापता लेडीज’ची गाणी मला चारही चित्रपटांत सर्वांत जवळची वाटतात. गाणी चारच, आणि चारही राम संपत यांची, म्हणून ती एका घरातल्या भावंडांसारखी वाटतात. ‘सजनी’ आमच्याकडे पहिल्यांदा गायलं गेलं तेव्हा कोपऱ्यातल्या ऐंशीच्या पुढच्या आजींनी विचारलं, “हे जुनं आहे का गं?” त्यांना तो चित्रपट माहीतही नव्हता. मला त्यातच सगळं उत्तर मिळालं. प्रशांत पांडे यांचे शब्द साधे, विरहाचे. चालीत श्वास घ्यायला जागा आहे, आणि ओळ संपली की पेटीला दोन सूर बोलायला वाव मिळतो. हौशी गळ्याच्या बेताबाहेर ती कुठे जात नाही. मूळ गाणाऱ्या अरिजितसारखा आवाज काढायचा नाद सोडून आपल्या आवाजात गायलं तर आणखी चांगलं लागतं.

‘धीमे धीमे’ त्याहून अवघड. श्रेया घोषाल ज्या सहजतेने गाते त्याने फसू नका, बारीक हरकती बसायला आठवडाभर रियाज लागतो. स्वानंद किरकिरे यांचे शब्द नीट ऐकू यावेत म्हणून तबलाही थोडा मागे ठेवा. ‘डाउटवा’ हे सुखविंदर सिंगचं गमतीचं गाणं. इंग्रजी शब्दाला पूर्वेकडचा ‘वा’ जोडलेला, लहान मुलांना तो उच्चार भारी आवडतो. ते दहाच्या आधी उरकावं.

‘चमकीला’ हा इम्तियाज अलींचा चित्रपट. १९८८ मध्ये गोळ्या घालून मारल्या गेलेल्या पंजाबी गायकाची, अमर सिंग चमकीलाची गोष्ट. संगीत रहमान यांचंच, शब्द इर्शाद कामिल यांचे. ‘छावा’ची हिंदी गाणी आणि ‘सैयारा’चं शीर्षकगीतही कामिल यांनीच लिहिलंय. पण तिन्ही शेजारी ठेवून ऐकली की त्यांचे सर्वांत धारदार शब्द कुठे आहेत ते लगेच कळतं. ‘बाजा’ सोडून द्या, तो वेग आणि ते पंजाबी उच्चार आपल्या जिभेला सहज जमत नाहीत. ‘नरम कालजा’ मात्र बायकांनी जरूर घ्यावं. ‘कालजा’ म्हणजे आपलं काळीजच. अलका याज्ञिक, रिचा शर्मा आणि आणखी दोघी मिळून ते गातात, त्यामुळे ओळी वाटून घेता येतात आणि कोणा एकीवर भार पडत नाही. शब्द धीट आहेत. सासू-सुना एकत्र बसल्या असतील तर आधी अर्थ सांगून संमती घ्या. आमच्याकडे सासवांनीच आधी हो म्हटलं.

आता निवड. एकच गाणं बसवायला वेळ असेल, तर ‘सजनी’. गाणारी मुलं जास्त आणि वाद्यं कमी असतील, तर दहाच्या आधी ट्रॅकवर ‘आया रे तूफान’ आणि ‘सैयारा’, दहानंतर ‘सजनी’ आणि ‘धीमे धीमे’. बायकांचा गट तयार असेल तर मध्ये ‘नरम कालजा’.

‘चमकीला’मधल्याच ‘विदा करो’बद्दल आमच्यात अजून एकमत नाही. अरिजित सिंग आणि जोनिता गांधी यांचं ते गाणं म्हणजे बदनाम ठरवलेल्या गायकाने सभ्य लोकांचा घेतलेला निरोप. सणाच्या रात्री मरणाचं गाणं नको, असं काहींचं म्हणणं, आणि ते मला पटतंही. तरी मी ते तयार ठेवते. लहान मुलं झोपलेली असतात, पातेलं रिकामं झालेलं असतं, सतरंजीवर दहा-बारा माणसं उरतात आणि कोणीतरी स्वतःहून मागतं. तेव्हा पट्टी अर्धा सूर खाली घ्या, त्या वेळेपर्यंत गारव्याने गळे बसलेले असतात.