एलिझाबेथच्या काळातला पोशाख शिवायचाय? मग आधी कोणता कागद उघडाल?

पहिली एलिझाबेथ १५५८ ते १६०३ इंग्लंडच्या गादीवर होती. त्या काळातले अखंड कपडे आज फार थोडे उरलेत आणि जे उरले ते बहुतेक बड्या घरांतले. चित्रं आहेत, पण चित्रात अस्तर दिसत नाही, पाठीची शिवण दिसत नाही आणि शेतकऱ्याच्या बायकोचं चित्र क्वचितच कोणी काढलं. तेव्हा नाटकासाठी किंवा हौसेनं तो पोशाख उभा करायचा, तर लेखी साधनांशिवाय गत्यंतर नाही. ही साधनं एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. आधी अंगात कपडा घालणारी व्यक्ती ठरवा, मग कागद निवडा.

राणी किंवा तिच्या भोवतीच्या मानकरणी उभ्या करायच्या असतील, तर राजवाड्याच्या जामदारखान्याचे दोन प्रकारचे कागद समोर येतात. एक म्हणजे १६०० साली केलेली मोठी मोजदाद. तिची एक प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. गाऊन, कर्टल (गाऊनखाली घालायचा पोशाख), पेटीकोट, झगे, पंखे, दागिने अशी ओळीनं नोंद, प्रत्येकाचं कापड, रंग, जर आणि कशिदा यांसकट. वाचताना डोळे दिपतात. दुसरा कागद दिसायला रुक्ष: सहा-सहा महिन्यांनी कारागिरांचे पैसे चुकते करण्यासाठी काढलेले हुकूम. वॉल्टर फिश हा राणीचा शिंपी १५८२ पर्यंत होता, त्याच्यानंतर विल्यम जोन्स आला. त्यांच्या कामाची नोंद या हुकमांत आहे.

या दोघांत मी डोळे मिटून हुकूम निवडेन. मोजदादीत तयार कपडा आहे, हुकमांत कपडा तयार होताना दिसतो. वरचं सॅटिन कोणतं, अस्तर कशाचं, आत ताठपणासाठी जाडंभरडं कॅनव्हास की खळ दिलेलं बकरम, कुठल्या जुन्या गाऊनच्या बाह्या उसवून नव्या लावल्या, हे सगळं तिथे सापडतं. पोशाखाचा आकार आतल्या थरांवर उभा राहतो, आणि ते थर चित्रकारानंही दाखवले नाहीत, मोजदाद करणाऱ्यानंही लिहिले नाहीत. शिवाय दुरुस्त्यांच्या नोंदी वाचल्या की खुद्द राणीचे कपडेसुद्धा वर्षानुवर्षं फिरवून, बदलून वापरले जात होते हे कळतं. रंगमंचावरची राणी नेहमी कोऱ्या करकरीत कपड्यांत का असावी, हा प्रश्न मला तेव्हापासून पडतो. जॅनेट अर्नोल्ड या विदुषीनं १९८८ मध्ये ही मोजदाद सविस्तर टिपणांसह छापली आणि हुकमांचाही भरपूर आधार दिला. त्यामुळे जुन्या वळणाचं हस्ताक्षर वाचता येत नसलं तरी अडत नाही.

साध्या माणसांकडे वळलं की हे सारे कागद निरुपयोगी ठरतात. इथे राज्य मृत्युपत्रांचं. एसेक्स परगण्यातली या काळातली मृत्युपत्रं एफ. जी. एमिसन यांनी मोठ्या चिकाटीनं प्रसिद्ध केली आहेत, आणि नवख्यानं तिथूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. ‘माझा सगळ्यात चांगला गाऊन बहिणीला, लाल पेटीकोट मोलकरणीला’ या थाटाच्या नोंदी त्यांत भेटतात. चांगला, त्याखालचा, सणावाराचा, रोजच्या कामाचा अशी कपड्यांची उतरंडच तिथे लागते. माणसाकडे काय होतं आणि त्यातलं त्याला काय मोलाचं वाटत होतं, दोन्ही एकाच ओळीत कळतं. पेटीकोट म्हणजे इथे लोकरीचा उबदार घागरा समजायचा, दिसू द्यायचाही. लाल पेटीकोट आणि रसेटचा, म्हणजे जाड्याभरड्या लोकरी कापडाचा गाऊन इतक्या वेळा येतात, की गावातल्या बाईसाठी तुम्ही तेच निवडलंत तर सहसा चुकणार नाही. मर्यादा एक आहे: नवऱ्याच्या संमतीवाचून विवाहितेला मृत्युपत्र करता येत नसे, म्हणून बायकांमध्ये आवाज मुख्यतः विधवांचा. अगदी फाटकं-तुटकं कोणी लिहून ठेवत नाही, हेही खरं.

माणूस गेल्यावर शेजाऱ्यांनी केलेल्या मालमत्तेच्या याद्या मृत्युपत्रांच्या जोडीला ठेवतात, पण कपड्यांच्या बाबतीत त्या वारंवार निराश करतात. ‘पैशाची पिशवी आणि अंगावरचे कपडे’ असं म्हणून एकच रक्कम मांडलेली असते. शहरी लोकांसाठी त्यापेक्षा लंडनचा नाट्यव्यावसायिक फिलिप हेन्स्लो याची वही बरी. १५९३ ते १५९६ मधल्या त्याच्या गहाणाच्या नोंदींत लोकांनी ठेवलेले झगे, पेटीकोट, गाऊन रंग-कापडासकट येतात.

कायदे आणि उपदेश यांच्यावर विसंबून काहीजण सबंध पोशाख उभा करतात, ते मला पटत नाही. कोणी काय घालू नये याच्या राजाज्ञा पुन्हा पुन्हा निघाल्या. १५७४ ची प्रसिद्ध आहे, १५९७ मध्येही निघाली. ज्या अर्थी पुन्हा काढाव्या लागल्या, त्या अर्थी पाळल्या जात नव्हत्या. १६०४ मध्ये ते सगळे कायदे रद्दच झाले. विसंबण्याजोगा अपवाद एकच, टोपीच्या कायद्याचा. १५७१ च्या कायद्यानं सहा वर्षांवरच्या सामान्य माणसानं रविवारी आणि सणाला इंग्लंडातच विणलेली लोकरी टोपी घालायची होती, नाहीतर दिवसाला ३ शिलिंग ४ पेन्स दंड. गर्दीच्या दृश्यातल्या पुरुषाच्या डोक्यावर काय द्यावं, याला यापेक्षा चांगला आधार मिळणं कठीण.

फिलिप स्टब्स हा कडवा धर्मसुधारक १५८३ मध्ये डब्लेटमध्ये (पुरुषांच्या अंगालगतच्या जाकिटात) चार, पाच, सहा पौंड भरण कोंबतात म्हणून संतापतो. गळ्याभोवतीच्या चुण्यांच्या रफला खळ करून ताठ करण्याला तो सैतानाची करणी मानतो. संताप वजा केला तरी त्याची नजर बारीक आहे: रफखाली आधाराला तारेची चौकट असते हे तो नोंदवतो. वजनाचे आकडे मात्र तसेच शिंप्याला सांगू नका. इंग्लंडचं वर्णन लिहिणारा विल्यम हॅरिसन १५७७ मध्ये रंगांची थट्टा करतो, हंसाच्या विष्ठेचा हिरवा, वाटाण्याच्या पेजेचा पिंगट. रंगाऱ्याशी बोलताना ही नावं खरोखर उपयोगी पडतात.

बेतायचं कसं, हे वरच्यापैकी एकही कागद सांगत नाही. त्यासाठी स्पेनमध्ये जावं लागतं. हुआन दे आल्सेगा या शिंप्याचं १५८० मध्ये माद्रिदला छापलेलं पुस्तक दिलेल्या पन्ह्याच्या कापडावर कपड्याचे तुकडे कसे मांडायचे ते आकृत्यांनी दाखवतं. शिवण्याबद्दल ते जवळजवळ मूक आहे, आणि कपडे स्पॅनिश आहेत. तरी फार्दिंगेलसारखी (घागरा फुगवणाऱ्या कड्यांच्या परकरासारखी) वस्तू स्पेनहूनच इंग्लंडात आलेली, तेव्हा घागऱ्याच्या कळ्या आणि झग्याचा घेर यांसाठी त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. डब्लेट आणि बॉडीज (बायकांची घट्ट चोळी) यांचा नेमका इंग्रजी बसाव हवा असेल तर उरलेल्या कपड्यांवरून काढलेले नमुनेच पाहावे लागतील.

म्हणून हौशी संस्थेला एकच पात्र करायचं असेल, तर माझी निवड अशी: गावकरी असेल तर एसेक्सची मृत्युपत्रं आणि टोपीचा कायदा, दरबारी असेल तर हुकूम आणि आल्सेगा. कापड घेण्याआधी मापं तपासा. वार आपल्याच ओळखीचा, ३६ इंचांचा. लिनन मात्र ४५ इंचांच्या एलनं मोजलं जाई. मखमल-सॅटिनचा पन्हा साधारण २० ते २२ इंच असे. आजच्या ४४ इंची कापडावर तोच वाराचा आकडा धरलात तर दुप्पट खरेदी होईल. जुन्या नोंदीत फेब्रुवारी १५६० दिसला तर तो आपल्या हिशेबानं १५६१ समजा, कारण त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई.