हिशेबनीस पगारी ठेवावा की काम बाहेर द्यावं?

लातूर-जालन्याकडचा धंदा हंगामाचा. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन, संक्रांतीनंतर तूर, मग उन्हाळाभर सामसूम. त्यात 2016 सारखं साल आलं, लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तर मिल बंद आणि ऑफिसचे पगार चालू. म्हणून मिलवाले विचारतात, हिशेबाचं काम बाहेर द्यावं का?

पगारी माणसाचा खर्च पगारावर थांबत नाही. कामगार 20 झाले की पीएफचे 12 टक्के, किमान 8.33 टक्के बोनस, पुढे नोकरी सोडताना द्यायची ग्रॅच्युइटी. मंदी आली म्हणून यातलं काही घटत नाही. पण कोणता व्यापारी पैसे द्यायला उशीर करतो, कुणाला फोन केला की दुसऱ्या दिवशी आरटीजीएसने बँकेत पैसे येतात, हे या पगारी माणसालाच ठाऊक असतं. वसुली बाहेर देऊच नका.

बाहेर दिलं तर 7 तारखेचा टीडीएस (कापून ठेवलेला कर) भरणं, 11 आणि 20 चे जीएसटी रिटर्न, 15 चा पीएफ, यातलं काही एका माणसाच्या रजेवर अडून राहत नाही. गणित चुकतं ते जीएसटीत. बाहेरच्या हिशेबनिसाचं दहा हजारांचं बिल 18 टक्के जीएसटीसह 11,800 होतं. कापसाच्या गाठी विकणाऱ्या जिनिंगवाल्याला वरचे 1,800 क्रेडिटमध्ये, म्हणजे त्याने भरायच्या जीएसटीतून, वळते होतात. 25 किलोपेक्षा मोठ्या कट्ट्यात डाळ विकणाऱ्याला नाही, कारण त्या डाळीवर जीएसटीच नाही. तिथे सगळा खर्च अंगावर.

दुसरं, बारमाही ठोक रक्कम ठरवली तर तो दुसरा पगारच झाला. दर बिलांच्या संख्येवर ठरवा, किमान रक्कम लहान ठेवा, एका महिन्याच्या नोटिशीवर सुटता आलं पाहिजे. आणि हे आजच तपासा: जीएसटी पोर्टलवर मोबाईल नंबर कुणाचा आहे? बऱ्याच ठिकाणी सल्लागाराचाच असतो. मग त्याला सोडायचं म्हटलं की ओटीपीसाठी त्याच्याच दारात उभं राहावं लागतं. नंबर आणि ईमेल तुमचाच हवा, टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप दर आठवड्याला तुमच्या पेनड्राइव्हवर हवा.

वाचमन, साफसफाई खुशाल ठेकेदाराला द्या. फक्त त्याने पगार किंवा पीएफ थकवला तर जबाबदारी तुमच्याकडे येते, तेव्हा मागच्या महिन्याचं पीएफ चलन पाहिल्याशिवाय बिल काढू नका.

माझं मत विचाराल तर डाळमिलवाल्याने वसुली आणि वजनकाटा सांभाळणारा एक भरवशाचा माणूस पगारावर ठेवावा, रिटर्न आणि पगारपत्रक बाहेर द्यावं. बदल एप्रिलपासून करावा, म्हणजे एका आर्थिक वर्षाचा हिशेब दोन हातांत पडत नाही.