गोरेगाव, पुणं की घरूनच?

गेल्या पावसाळ्यातला एक रविवार. नऊची मिस्सा सुटली होती आणि ठाण्यातल्या आमच्या चर्चच्या पोर्चमध्ये सगळे पाऊस ओसरायची वाट बघत उभे होते. शेजारच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी आपल्या मुलाला हाताला धरून माझ्यापुढे आणलं. मुलगा वाशीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. "आंटी, फादर व्हायचं तर गोरेगाव बरं की पुणं?" आईने लगेच पुरवणी जोडली, "आणि घरूनच काही करता येत असेल तर तेही सांगा हो त्याला."

मला विचारायचं कारण एवढंच की माझा धाकटा भाऊ चार वर्षं सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या विद्यालयात, राहून परत आला, आणि मी बँकेतली नोकरी सांभाळून शनिवारच्या वर्गांना बसून ईशज्ञान (थिऑलॉजी) शिकले. मी सिस्टर नाही, प्रोफेसर तर नाहीच. पण आमच्या घरात दोन्ही प्रकारची सर्टिफिकेटं एकाच ट्रंकेत आहेत.

त्याला म्हटलं, बाबा, गोरेगाव की पुणं हे तू ठरवणारच नाहीस. फादर व्हायला निघालेल्या मुलाने कुठे शिकायचं ते बिशप ठरवतात. एखाद्या संघात, म्हणजे येशूसंघासारख्या धर्मगुरूंच्या मंडळात, गेलास तर तिथले वरिष्ठ ठरवतात. तुझ्या हातातली निवड त्याच्या एक पायरी अलीकडची आहे. धर्मप्रांताचा, म्हणजे एका बिशपच्या हद्दीतला, फादर व्हायचं, संघाचा व्हायचं, की प्रापंचिक राहून अभ्यास करायचा? स्वतःच्या मर्जीने पुण्याला जाऊ शकतो तो फक्त तिसरा.

या तीन वाटा ताडून बघायच्या तर लोक इमारत, लायब्ररी, हॉस्टेलचं जेवण यावर बोलतात. मी दुसरंच बघते. कुठल्या वाटेवर दार कधी बंद होतं, आणि त्याआधी परत फिरलो तर हातात काय उरतं?

आधी धर्मप्रांताची वाट. ठाणे आणि नवी मुंबई चर्चच्या हिशेबात मुंबई महाधर्मप्रांतात येतात. भाईंदरची खाडी ओलांडून नायगावला उतरलात की वसई धर्मप्रांत लागतो. तो १९९८ साली वेगळा झाला. हा फरक नकाशापुरता नाही. धर्मप्रांताचा फादर सहसा जन्मभर त्याच धर्मप्रांताचा असतो. म्हणजे आमच्या या मुलाची बदली आज मुंबईत, उद्या उत्तनला, परवा रायगडात अशी होणार. पण आई आजारी पडली तर तो लोकल किंवा एसटी पकडून रात्रीपर्यंत घरी पोचेल. आयांना हे न सांगता कळतं. (नेरूळ-वाशीकडच्या मल्याळी घरांनी एक गोष्ट आधी बघून घ्यावी. वडील सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या वेगळ्या परंपरेचे कॅथलिक, असतील तर मुलगा बहुधा १९८८ साली झालेल्या कल्याण धर्मप्रांताच्या खात्यात मोडतो, मग मिस्सेला तो कुठल्याही चर्चमध्ये जात असो.)

मुंबई महाधर्मप्रांताची सेमिनरी गोरेगाव पूर्वेला आहे, सेंट पायस कॉलेज. वाशीहून पनवेल-गोरेगाव हार्बर गाडी मिळाली तर एका बैठकीत पोचता. ठाण्याहून मात्र दादरला गाडी बदला, नाहीतर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकची प्रार्थना करा. कॅनन लॉ म्हणजे चर्चचा कायदा सांगतो की तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षं झाली पाहिजेत, त्यातली पूर्ण दोन तत्त्वज्ञानाची आणि चार ईशज्ञानाची. शिवाय २०१६ साली रोमहून आलेल्या नियमावलीने सुरुवातीचं तयारीचं वर्ष वेगळं धरलंय. मध्ये एखादं वर्ष धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) काम करायला पाठवतात. सगळं धरून आठ-नऊ वर्षं लागतात. पंचवीस पूर्ण झाल्याशिवाय गुरुदीक्षा, म्हणजे फादर होण्याचा विधी, होत नाही.

आणि दार? ते गुरुदीक्षेच्या दिवशी बंद होतं असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. ते डीकन (फादरच्या आधीची पायरी) होताना बंद होतं, म्हणजे गुरुदीक्षेच्या आधी किमान सहा महिने. ब्रह्मचर्याचं वचन तेव्हाच द्यायचं असतं आणि तेव्हाच माणूस 'क्लर्जी', म्हणजे धर्मगुरूवर्गातला, होतो. त्यानंतर लग्न करायचं तर परवानगी थेट रोमहून आणावी लागते. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मात्र बॅग भरून घरी येता येतं, कायद्याने कुणी अडवत नाही. अडवतात ते नातेवाईक. "सेमिनरी सोडून आला" हे वाक्य आमच्याकडे "नापास झाला"च्या सुरात बोललं जातं. माझ्या भावाने ते लग्नाच्या बोलण्यांत तीनदा ऐकलं.

आता संघाची वाट. येशूसंघ, सालेशियन म्हणजे डॉन बॉस्कोवाले, वाशीतलं अॅग्नेल चालवणारे पिलारचे फादर, असे कितीतरी. आमच्या मुलाला हे माहीतच नव्हतं की त्याचं कॉलेज चालवणाऱ्या फादरांचं मूळ घर गोव्याला पिलारला आहे, आणि ज्यांच्या नावाने ते चालतं ते फादर अॅग्नेल डिसोझा इंजिनिअर नसून प्रवचनं देणारे, लोकांच्या पापांची कबुली ऐकणारे साधे धर्मगुरू होते. इथे एक गैरसमज झटकते. कॅथलिक कॉलेजात शिकलो म्हणजे धर्माचं शिक्षण झालं असं होत नाही. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकलास, बेटा. चॅपल फक्त वाटेत होतं.

बहुतेक संघांत व्रतं तीन: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. धर्मप्रांताच्या फादरला दारिद्र्याचं व्रत नसतं. त्याचं बँकेत खातं असतं, वडिलांच्या फ्लॅटमधला वाटा त्याच्या नावावर राहू शकतो. संघातला फादर शाळेचा प्रिन्सिपल असला तरी पगार संघाच्या खात्यात जातो आणि चप्पल घ्यायला तो सुपिरिअरकडे पैसे मागतो. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. चाळिशीत हीच गोष्ट टोचते किंवा मोकळं करते, आणि कुठलं होईल ते विशीत कळत नाही.

दाराचा हिशेब इथे उलटा आहे. पहिलं दार लवकर लागतं, पण कडी घालत नाहीत. नोव्हिशिएट, म्हणजे संघातली उमेदवारी, किमान बारा महिन्यांचं, येशूसंघात दोन वर्षांचं. त्यानंतर लगेच व्रतं, पण बहुतेक संघांत ती तात्पुरती. साधारण तीन ते सहा वर्षं तशी चालतात आणि मग कायमची. (येशूसंघात मात्र नोव्हिशिएट संपताच घेतलेली व्रतं माणसाच्या बाजूने कायमची असतात, संघ आपला शेवटचा शब्द कितीतरी वर्षांनी देतो. तिकडे जाणाऱ्याने हे नीट विचारून घ्यावं.) म्हणजे संघात तुम्ही आधी राहून बघता आणि मग ठरवता. गोरेगावच्या वाटेवर तुम्ही आधी शिकता आणि मग राहायला जाता. ज्याला एकटं राहणं सोसत नाही त्याने संघाकडे बघावं. धर्मग्रामाच्या घरात कधीकधी एकच फादर असतो आणि रात्री आठनंतर टीव्हीशिवाय कुणी बोलत नाही. पण ज्याला आईवडिलांची काळजी आहे आणि जो एकुलता एक आहे, त्याला मी संघ सुचवणार नाही. तलासरीहून थेट रोमला बदली झालेली माणसं मी पाहिलीत. वर्षंही इथे जास्त लागतात, येशूसंघात तर बारा-तेराही.

पुणं याच वाटांवर मध्ये लागतं. नगर रोडला, रामवाडीला, पेपल सेमिनरी आणि तिला लागून ज्ञानदीप (पूर्वीचं ज्ञानदीप विद्यापीठ), जिथे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकवतात. ही सेमिनरी तेरावे लिओ या पोपनी १८९३ साली श्रीलंकेत कँडीला काढली, कारण भारताचे धर्मगुरू भारताच्याच मातीतले हवेत असा त्यांचा आग्रह होता. १९५५ साली ती पुण्याला आली. पुण्याची खरी कमाई वर्गातल्या बाकावर असते. झारखंड, केरळ, ईशान्य भारत, गोवा, सगळीकडची मुलं-मुली शेजारी बसतात. गोरेगावला मुंबईचीच बोली जास्त ऐकू येते. डोकं विस्तारायचं तर पुणं, आपल्या माणसांत रुळायचं तर गोरेगाव, एवढंच मी म्हणेन.

भाषेचं मात्र दोन्हीकडे सारखंच. शिकवणं इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या मुलांची पहिली दोन वर्षं त्यातच जातात, आणि हुशार मुलगा वर्गात गप्प बसतो म्हणून मंद ठरतो. मराठीत ईशज्ञान नीट मांडता येतं हे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी आयुष्यभर दाखवलं. ते २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. पण तो त्यांचा स्वतःचा उद्योग होता, अभ्यासक्रमाचा भाग नव्हे. मराठी माध्यमातून येत असाल तर तयारीचं वर्ष वाया जातंय असं समजू नका, तेच तुम्हाला तारतं.

आता आईच्या पुरवणीकडे येते. प्रापंचिकांना चर्चच्या विद्यापीठांत शिकून पदव्या घ्यायचा हक्क आहे. कॅनन लॉचं २२९वं कलम तसं स्पष्ट म्हणतं. बायकांनाही आहे, आणि शिकवणाऱ्यांतही आता बायका दिसतात. पूर्ण वेळ पुण्याला जायचं तर खोलीचं भाडं खिशातून, आणि दोन-चार वर्षांचा पगार सोडून. मुंबईतले शनिवार-रविवारचे किंवा संध्याकाळचे वर्ग स्वस्त पडतात, पण पहिले तीन महिने जागं राहण्यातच जातात. मी बँक संपवून गेले की मोझेसच्या पंचग्रंथावर, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांवर, माझी मान डुलायची.

या वाटेवर दारच नाही. कधीही आत, कधीही बाहेर. पण भाकरीही नाही. धर्मग्रामात धर्मशिक्षण शिकवणं, लग्नाआधीचे वर्ग घेणं, हे बहुतेक फुकटचं काम असतं. २३१वं कलम म्हणतं की चर्चची सेवा करणाऱ्या प्रापंचिकाला रास्त मोबदला मिळाला पाहिजे. कलम फार सुंदर आहे. लग्न झालेल्या पुरुषांसाठी आणखी एक फट आहे, कायमचा डीकन, म्हणजे पुढे फादर न होता डीकनच राहणारा. वय किमान पस्तीस, बायकोची संमती आणि तीन वर्षांची तयारी. मुंबई महाधर्मप्रांतात असे डीकन आहेत. ते बाप्तिस्मा देतात, लग्न लावतात आणि सोमवारी ऑफिसला जातात.

राहिली ट्रंकेतली सर्टिफिकेटं. भाऊ बारावीनंतर थेट गेला होता. तयारीचं एक वर्ष, तत्त्वज्ञानाची तीन. परत आल्यावर बी.एड.ला अर्ज करायला एका कॉलेजात गेला, सोबत मी होते. क्लार्कने ते जाड, कोरीव अक्षरांचं सर्टिफिकेट अंगठ्याने उलटसुलट केलं, मागची बाजू बघितली, उजेडात धरलं. "हे लॅटिन आहे का? युनिव्हर्सिटी कुठली, रोमची?" मग ते हलकेच आमच्याकडे सरकवून म्हणाला, "बी.ए. झालंय का ते सांगा." झालं नव्हतं. या पदव्या रोमच्या मान्यतेच्या असतात, आपल्या विद्यापीठांच्या पदवीशी त्यांची आपोआप बरोबरी लागत नाही. भावाने मग मुक्त विद्यापीठातून तीन वर्षं बी.ए. केलं, दिवसा कुरिअरची नोकरी करून. त्या चार वर्षांबद्दल तो आजही वाईट बोलत नाही. प्रत्येक वाक्य तपासून बघायची सवय तिथेच लागली म्हणतो. फक्त आधी पदवी घेऊन ये असं तेव्हा कुणी सांगितलं नाही. आता अनेक ठिकाणी सांगतात.

म्हणून त्या मुलाला म्हटलं, शेवटचं वर्ष पूर्ण कर, इंजिनिअरिंगची पदवी हातात घे. तोवर गोरेगावला एकदा राहून ये, संघाच्या एखाद्या शिबिराला जाऊन ये, आणि धर्मग्रामातल्या फादरांना तुझ्या मनात काय आहे ते सांगून ठेव, कारण पुढे चिठ्ठी त्यांचीच लागते. बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला काढून ठेव. माझ्या मते तुझ्यासाठी गोरेगाव. तू एकुलता एक आहेस आणि तुला ठाणं सुटत नाही, हे तुझ्या चेहऱ्यावर दिसतं. पण शिबिराहून आल्यावर मत बदललं तर मला सांगायला लाजू नकोस.

पाऊस थांबला होता. मुलगा स्कूटर काढायला गेला. आई तिथेच घुटमळली आणि हळूच विचारलं, "गोरेगावला भेटायला कुठल्या वारी सोडतात हो?"