टकरी मोजायच्या, तर हायड्रोजन की नायट्रोजन?

वायूचा दाब वाढवला, म्हणजे रेणूंच्या टकरी वाढवल्या, की त्याच्या रामन रेषा (रेणूंवरून विखुरलेल्या लेझरच्या प्रकाशात दिसणाऱ्या, बदललेल्या रंगाच्या रेषा) कशा बदलतात हे स्वतः मोजायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो, सेलमध्ये, म्हणजे वायूच्या बंद नळीत, भरायचं काय? बहुतेक जण नायट्रोजन भरतात. मीही तोच भरला होता. स्वस्त, पेटत नाही, आणि पुढे इंजिनातल्या ज्वालेचं तापमान मोजायचं असेल तर त्याला पर्यायच नाही, कारण हवेत तोच सर्वाधिक.

माझं घोडं अडलं ते त्याच्या २३३० सेमी⁻¹ (रेषेची जागा आणि रुंदी सांगायचं एकक) जवळच्या क्यू शाखेत, म्हणजे रेणूचं कंपन बदलतं पण परिवलन (स्वतःभोवती फिरणं) तेच राहतं अशा रेषांच्या गटात. तिथे रेषा फार दाटीनं उभ्या आहेत. रेणू सर्वाधिक असतात त्या परिवलन पातळ्यांतही (फिरण्याच्या ठरावीक ऊर्जांतही) दोन रेषांमधलं अंतर पाव सेमी⁻¹च्या आसपास, आणि एका बारला (साधारण हवेच्या दाबाला) प्रत्येक रेष सुमारे ०.१ सेमी⁻¹ रुंद. दाब थोडा चढवला की रेषा एकमेकींत मिसळतात. आणखी चढवला की टकरींमुळे रेणू एका परिवलन पातळीतून दुसरीत इतक्या झपाट्यानं जातो की अख्खी शाखाच आक्रसते. दृश्य सुंदर आहे, पण कुठल्या रेषेची रुंदी किती, हे काही सांगता येईना. टकरींच्या दरांचे दोन वेगवेगळे संच घेतले, तर दोन्ही त्याच वक्रावर चपखल बसले! कित्येक आठवडे फिटिंगमध्येच गेले.

हायड्रोजनची गोष्ट वेगळी. रेणू हलका, त्यामुळे परिवलन पातळ्या लांब लांब. एका टकरीत एवढी ऊर्जा क्वचितच इकडची तिकडे होते. त्याच्या क्यू शाखेतली क्यू(१) रेष ४१५५ सेमी⁻¹ला, क्यू(०) ४१६१ला (कंसातला आकडा परिवलन पातळीचा), मध्ये सगळं मोकळं. लेझरच्या पुढच्या दिशेनं पाहिलं तर क्यू(१)ची डॉप्लर रुंदी (रेणूंच्या धावण्यामुळे येणारी) सुमारे ०.०३६ सेमी⁻¹. दाब वाढवत गेलं की रेषेची रुंदी आधी कमी होते, दोन-तीन बारला जवळजवळ चौथाईवर येते आणि मग पुन्हा वाढू लागते. टकरींनी रेष अरुंद होऊ शकते हे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिक यांनी १९५३ मध्ये मांडलं होतं. वाचून पटलं होतं, पण स्वतःच्या आलेखावर तो खळगा उमटला तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

अडचणी आहेतच. सिलिंडर बाहेर ठेवावा लागतो, गळती सतत तपासावी लागते. साध्या ग्रेटिंग स्पेक्ट्रोमीटरला (प्रकाश रंगांत फोडून दाखवणाऱ्या उपकरणाला) एवढ्या बारीक रेषा दिसत नाहीत. अरुंद रेषेचे लेझर आणि उद्दीपित रामनची (दोन लेझर एकत्र वापरून रामन संकेत वाढवणारी) मांडणी हवी. ती नसेल तर नायट्रोजनच घ्या, पण क्यू शाखा सोडून परिवलन रेषा (फक्त परिवलन बदलल्यानं येणाऱ्या) मोजा. त्या आठ-आठ सेमी⁻¹ अंतरावर असतात आणि दहा बारला साधारण एक सेमी⁻¹ रुंद होतात, म्हणजे चांगल्या ग्रेटिंगच्या आवाक्यात येतात.

तुमची गरज वेगळी असू शकते. पण लेझर उसने मिळत असतील तर मी तरी हायड्रोजनच भरेन, आणि पहिलं मोजमाप अर्ध्या बारला घेईन. तिथून वर चढलं तरच रेष अरुंद होताना दिसते.