सांगलीतील मासळीचे दुकान: ताजेपणा उत्तम, माहिती अपुरी

विश्रामबाग परिसरातील या दुकानात रत्नागिरीहून आंबा घाटमार्गे येणारी मासळी बर्फात नीट राखलेली असते, साफसफाई चोख असते आणि भावही वाजवी आहेत. मात्र मुशी (शार्क) आणि कुपा (ट्यूना) यांतील पाऱ्याविषयी विचारले असता ‘स्वच्छ धुऊन देतो’ एवढेच उत्तर मिळाले, आणि ते समाधानकारक नाही. मिथिल पारा, म्हणजे माशांत आढळणारे पाऱ्याचे विषारी रूप, माशाच्या स्नायूंतील प्रथिनांना बांधलेला असल्यामुळे तो धुण्याने, हळद-मीठ लावण्याने किंवा कितीही शिजवण्याने निघत नाही. शिवाय लहान मासे खाऊन वाढणाऱ्या मोठ्या, दीर्घायुषी माशांत तो वर्षानुवर्षे साठत जातो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये मिथिल पाऱ्याची कमाल मर्यादा कुप्यासाठी किलोमागे १.२ मिलिग्रॅम आणि मुशीच्या वर्गासाठी १.६ मिलिग्रॅम ठरवली, ती याच कारणाने. खेकड्याच्या कवचातील तपकिरी गरात कॅडमिअम हा विषारी धातू पांढऱ्या मांसापेक्षा बराच जास्त असतो. तो गर येथे गिऱ्हाइकाने न सांगताही काढून देतात (कारण बहुधा निराळे असावे), हे उत्तमच. घरात गर्भवती स्त्री किंवा लहान मूल असल्यास येथून तारली अथवा बांगडा घ्यावा, मुशी टाळावी. भावफलकावर मासळी कोणत्या बंदरातून आली, हेही लिहायला हवे.